चूक दाखविण्याची विद्या

मी मॅट्रिक झालेला आणि प्राथमिक शाळेंत छत्तीस वर्षें अंकगणित शिकवून निवृत्त झालेला एक मास्तर आहें. संगणकाच्या भाषांविषयीं मीं बोलावें याचें आपणांस नवल वाटेल, मलाहि वाटतें. परंतु उतारवयांत जो बाराखडी गिरवितो, त्याला आपण कोणत्या अक्षरापाशीं अडलों होतों तें चांगलें आठवत असतें. आज मला बोलावयाचें आहे तें या अडण्याविषयींच.

प्रसंग असा घडला. माझ्या नातवानें सुटींत मला पायथॉन नांवाच्या संगणक-भाषेचे पहिले धडे दिले आणि तो परगांवीं निघून गेला. संगणकाला करावयाच्या आज्ञा क्रमानें लिहून ठेवल्या म्हणजे त्यांस प्रोग्राम किंवा आज्ञावली म्हणतात. माझी पहिली आज्ञावली अवघ्या तीन ओळींची होती. दोन संख्या विचारून घ्यावयाच्या आणि त्यांची बेरीज दाखवावयाची. मीं मराठी अंकांत प्रथम १२ लिहिले, मग १५ लिहिले. उत्तर आलें, १२१५!

यंत्रानें तक्रारीचें अवाक्षर काढलें नव्हतें. पहिलीच्या वर्गांतील मुलानेंहि हंसावें असें उत्तर त्यानें मोठ्या गंभीरपणें समोर ठेवलें होतें. दोन दिवस मी त्या तीन ओळींकडे पाहत बसलों. शेवटीं नातवाच्या ओळखीच्या एका तरुण प्रोग्रामरला मीं लिहिलें, "माझी आज्ञावली चालत नाहीं. कृपा करून उपाय कळवावा." त्याच्या उत्तरांत उपाय नव्हता. त्यांत तीन प्रश्न होते. "गुरुजी, आपण नेमकें काय लिहिलें? काय यावें अशी आपली अपेक्षा होती? आणि प्रत्यक्ष काय आलें?"

मला थोडा राग आला, हें कबूल करतों. तथापि मीं तिन्ही उत्तरें लिहून पाठविलीं, आणि पांच मिनिटांत उलगडा झाला. माणूस कळफलकावर जें लिहितो, तें पायथॉनच्या हातीं अक्षरें म्हणून येतें, संख्या म्हणून नव्हे. अक्षरांची बेरीज म्हणजे तीं एकापुढें एक मांडणें. 'राम' आणि 'राव' मिळून 'रामराव' व्हावा, तशीच बारा आणि पंधरा मिळून ती विचित्र संख्या झाली होती. 'इंट' या शब्दानें अक्षरांची संख्या करून घ्यावी, म्हणजे काम होतें. मीं तसें केलें. पायथॉननें माझे मराठी अंक बिनतक्रार वाचले आणि २७ हें उत्तर दिलें. मात्र तें इंग्रजी अंकांत.

त्या तरुणाचे तीन प्रश्न त्याचे एकट्याचे नव्हते. ते त्याला पूर्वीं कोणीं तरी विचारले असणार, आणि त्या विचारणाऱ्यालाहि आणखी कोणीं तरी. या परंपरेचें वय पाऊणशें वर्षांहून अधिक आहे. तिचा इतिहास आज थोडक्यांत सांगतों.

संगणकाच्या चुकीला इंग्रजींत 'बग', म्हणजे किडा, म्हणतात. त्याची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. ९ सप्टेंबर १९४७ रोजीं अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठाच्या मार्क-दोन या यंत्रांत एक पतंग अडकलेला सांपडला. काम करणाऱ्यांनीं तो नोंदवहींत चिकटवून ठेवला, आणि किडा खरोखरच सांपडल्याची पहिली वेळ, अशा अर्थाची विनोदी नोंद केली. ती वही आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयांत आहे. विनोद एवढ्याचसाठीं कीं तो शब्द जुना होता. एडिसननें १८७८ सालींच यंत्रांतील दोषाला तें नांव दिलें होतें. परंतु पतंग चिमट्यानें काढतां येतो. माणसाच्या विचारांतील चूक अशी काढतां येत नाहीं, हा शोध पुढें दोन वर्षांनीं इंग्लंडांत लागला.

केंब्रिज विद्यापीठांत मॉरिस विल्क्स यांच्या देखरेखीखालीं बांधलेला एड्सॅक हा संगणक ६ मे १९४९ रोजीं प्रथम चालला. त्यानें पहिल्याच दिवशीं वर्गसंख्यांचें कोष्टक छापलें. त्यानंतर थोड्याच आठवड्यांत विल्क्स यांना एक जाणीव झाली, ती त्यांनीं १९८५ सालच्या आपल्या आठवणींत नमूद केली आहे. यंत्राची खोली आणि कागदी फितीला भोंकें पाडण्याची जागा यांच्यामधल्या जिन्यावर एके दिवशीं त्यांना एकाएकीं उमगलें कीं, आपल्या उरलेल्या आयुष्याचा बराच भाग आपल्याच आज्ञावलींतील चुका हुडकण्यांत जाणार आहे.

श्रोते हो, हा माणूस त्या काळच्या जगांतील निवडक तज्ज्ञांपैकीं एक होता. त्याचेंच जर असें, तर आपल्यासारख्यांनीं शरम कां वाटून घ्यावी? केंब्रिजच्या मंडळींनीं शरमेंत वेळ घालविला नाहीं. त्यांनीं दोन गोष्टी केल्या. जी आज्ञावली एकदां पारखून बिनचूक ठरली, तिची फीत कपाटांत ठेवून सर्वांना वापरण्यास मोकळी केली. आणि स्टॅन्ली गिल यांनीं १९५१ सालीं एड्सॅकवरील चुकांच्या निदानाविषयीं स्वतंत्र निबंध प्रसिद्ध केला. 'निदान' हा वैद्याचा शब्द त्यांनीं मुद्दाम योजिला असावा असें मला वाटतें. रोग्यानें लक्षण सांगितल्यावांचून वैद्याला निदान करतां येत नाहीं.

पुढें १९५५ सालीं आयबीएम कंपनीचें ७०४ हें यंत्र घेणाऱ्या ग्राहकांनीं अमेरिकेंत 'शेअर' नांवाचें मंडळ स्थापिलें. 'वांटून घेणें' असा त्या शब्दाचा अर्थ. यांतील कित्येक ग्राहक विमानें बांधणाऱ्या कारखान्यांतले, म्हणजे बाजारांत एकमेकांचे स्पर्धक. तरीहि आज्ञावली आणि अनुभव यांची ते देवघेव करीत, कारण तोच खड्डा प्रत्येकानें स्वतंत्रपणें पडून शोधावा हें कोणालाच परवडणारें नव्हतें.

दुसऱ्याच्या मदतीचें मोल सांगणारी एक गोष्ट जेराल्ड वाइनबर्ग यांच्या १९७१ सालच्या पुस्तकांत आहे. एका विद्यापीठाच्या संगणक-केंद्रांत विद्यार्थ्यांसाठीं मोठी खोली होती. तिच्या एका बाजूस नाणें टाकलें कीं खाण्यापिण्याचे जिन्नस बाहेर पडावेत अशीं यंत्रें होतीं. जवळच अडलेल्यांना सल्ला देणारे साहाय्यक बसत. यंत्रांभोवतीं मुलांचा गलका होई. कोणी तक्रार केली, आणि व्यवस्थापकांनीं तीं यंत्रें तेथून हलविलीं. झालें! आठवडा उलटण्यापूर्वींच नवी तक्रार आली. सल्ला देणारे अपुरे पडूं लागले होते, त्यांच्यापुढें लांबच लांब रांग लागूं लागली होती. शोध घेतां कळलें तें असें: गलका म्हणून जो ऐकूं येत होता, तें मुलांचें एकमेकांना शिकविणेंच होतें. साध्या अडचणी त्या यंत्रांपाशीं उभ्या उभ्या सुटत, आणि अवघड तेवढ्याच साहाय्यकांकडे जात. वर्गांत 'गप्प बसा' म्हणून छड्या आपटीत छत्तीस वर्षें घालविलेल्या माझ्यासारख्याला ही गोष्ट वाचून काय वाटलें असेल, याची आपण कल्पना करावी.

आतां पायथॉनकडे येतों. हॉलंडांत ॲम्स्टरडॅम येथील गणित व संगणकशास्त्राच्या राष्ट्रीय संशोधनसंस्थेंत गीडो व्हॅन रॉसम नांवाचे गृहस्थ काम करीत. १९८९ सालच्या नाताळच्या सुटींत त्यांनीं ही भाषा रचावयास घेतली, आणि फेब्रुवारी १९९१ मध्यें ती सर्वांना विनामूल्य खुली केली. नांव अजगराचें दिसतें, परंतु तें घेतलें आहे 'मॉन्टी पायथॉन' या इंग्रजी विनोदी कार्यक्रमावरून. याआधीं त्यांनीं एबीसी नांवाच्या भाषेवर काम केलें होतें. ती नवशिक्यांसाठीं होती. ओळीच्या आरंभीं सोडलेल्या जागेवरून आज्ञांचा गट ओळखण्याची रीत पायथॉननें तिच्यापासून घेतली. १९९९ सालीं तर व्हॅन रॉसम यांनीं प्रोग्रामिंग सर्वसामान्य माणसाला शिकवावें अशी योजनाच मांडली.

यामुळें झालें असें कीं ही भाषा शास्त्रज्ञ, कारकून, शिक्षक, विद्यार्थी अशा सर्वांच्या हातीं गेली, आणि त्यांच्यामागोमाग त्यांच्या रोजच्या अडचणीहि आल्या. या अडचणी मोठ्या विद्वत्तेच्या नसतात. कोणी ओळीच्या आरंभीं एकदां टॅबची कळ दाबतो, एकदां चार कोऱ्या जागा सोडतो. डोळ्यांना ओळी सारख्या दिसतात, पायथॉनला दिसत नाहींत. कोणी दशांश एक आणि दशांश दोन मिळवितो आणि दशांश तीनच्या पुढें बरींच शून्यें जाऊन शेवटीं चार हा अंक पाहून घाबरतो. तो यंत्राचा वेडेपणा नव्हे. आपल्याला एक-तृतीयांश दशांशांत पुरता लिहितां येत नाहीं, तसा द्विमान पद्धतीनें मोजणाऱ्या यंत्राला एक-दशांश पुरता लिहितां येत नाहीं.

सर्वांत फसवी अडचण दोन नांवांची. एखाद्यानें मुलांची यादी केली, तिची नक्कल म्हणून तिला दुसरें नांव दिलें, आणि नकलेंतून एक मूल वगळलें. पाहतो तों मूळ यादींतूनहि तें नाहींसें झालेलें! याचें कारण असें कीं नक्कल झालीच नव्हती. घरीं ज्याला बाळू म्हणतात तोच शाळेच्या पटावर बाळकृष्ण असतो. बाळूचे केस कापले तर बाळकृष्णाचे तसेच राहावेत अशी आशा कोणी करीत नाहीं. ही चूक एकट्यानें शोधूं गेल्यास दिवस जातो; ज्याला ती पूर्वीं भोंवली आहे तो ती एका दृष्टिक्षेपांत ओळखतो. दुसऱ्याच्या डोळ्यांचा उपयोग तो हाच.

परंतु त्या डोळ्यांपुढें काय ठेवावें, हें विचारणाऱ्याला ठाऊक पाहिजे. दोनशें ओळींची आज्ञावली समोर टाकून 'चालत नाहीं' म्हणणें, म्हणजे सबंध वही गुरुजींच्या अंगावर टाकणें होय. म्हणून जाणते असें सांगतात: जी ओळ काढली तरी चूक तशीच राहते, ती काढून टाका. असें करीत करीत पांच-सहा ओळी उराव्यात, आणि त्या चालवून पाहणाऱ्या कोणालाहि तीच चूक दिसावी. यंत्रानें दिलेला त्रुटि-संदेश आपल्या शब्दांत न सांगतां जसाच्या तसा उतरावा, आणि त्याची शेवटची ओळ आधीं वाचावी, कारण मूळ तक्रार बहुधा तेथें असते. गंमत अशी कीं इतकी तयारी होईतों पुष्कळदां विचारण्याची गरजच उरत नाहीं. हंट आणि टॉमस यांच्या १९९९ सालच्या पुस्तकांत तर मेजावर रबराचें बदक ठेवून त्याला आपली आज्ञावली ओळीओळीनें समजावून सांगणाऱ्या प्रोग्रामरची गोष्ट आहे. बदक बोलत नाहीं; सांगणाराच सांगतां सांगतां थबकतो आणि आपली चूक पाहतो.

या इतिहासाला कडू भागहि आहे. २००८ सालीं जेफ ॲटवूड आणि जोएल स्पोल्स्की यांनीं 'स्टॅक ओव्हरफ्लो' हें प्रश्नोत्तरांचें सार्वजनिक स्थान काढलें. एकाच्या प्रश्नाचें उत्तर कायम राहावें आणि पुढें हजारों अडलेल्यांच्या उपयोगीं पडावें, ही कल्पना फार चांगली होती, आणि पायथॉनच्या विद्यार्थ्यांवर तिचे मोठे उपकार झाले. परंतु नवख्याचा प्रश्न नीट मांडलेला नसला कीं त्याला तोडून बोलण्याची, त्याचा प्रश्नच बंद करण्याची संवयहि तेथें वाढली. २०१८ सालीं त्या संस्थेनेंच जाहीर कबुली दिली कीं, आपल्याकडे नवख्यांचें स्वागत नीट होत नाहीं.

ही कबुली वाचली तेव्हां मला माझ्या वर्गांतील एक मुलगा आठवला. त्याची गणिताची वही नेहमीं स्वच्छ असे, आणि मी इतरांना ती दाखवीत असें. गणित चुकलें कीं त्यावर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तांबडी रेघ ओढण्याची माझी पद्धत होती. कोणत्या पायरीवर चुकलें, हें मी विचारीत नसें. वर्षअखेरीस त्याची वही हातीं घेतली तों ती फार हलकी लागली. पानें मोजलीं. निम्मीं नव्हतीं. तांबडी रेघ आली कीं तो तें पान फाडून टाकीत असे. चूक गेली, तिच्याबरोबर ती सुधारण्याची वाटहि गेली. तो मुलगा गणितांत नापास झाला आणि पुढें शाळा सोडून गेला. दोष त्याच्या बुद्धीचा होता असें मीं त्या वेळीं मानलें. आज तसें मानत नाहीं.

पायथॉनच्या मंडळींना एकदां स्वतःच केलेल्या दुरुस्तीचें ओझें दीर्घकाळ वाहावें लागलें. ३ डिसेंबर २००८ रोजीं भाषेची तिसरी आवृत्ति निघाली, ती जुनीशीं पूर्णपणें जुळणारी नव्हती. जुन्या आवृत्तींत साताला दोनानें भागलें तर तीन येत. नवींत साडेतीन येतात. जुनींत 'प्रिंट' या आज्ञेला कंस लागत नसे, नवींत लागतो. जुनीचा सांभाळ २०१५ सालीं बंद व्हावयाचा होता, तो १ जानेवारी २०२० पर्यंत लांबला. या अकरा वर्षांत अडलेल्या माणसाला पहिला प्रश्न हाच असे कीं, "आपली आवृत्ति कोणती?" मात्र या बदलानें आपल्या भाषेचा लाभ झाला, हें सांगितलें पाहिजे. 'शाळा' हा शब्द आज प्रचलित असलेल्या सांकेतिक लिपींत साठवून जुन्या पायथॉनला त्याची लांबी विचारली तर ती बारा येई, कारण तो यंत्राचे बाइट मोजी. नवा पायथॉन चार सांगतो. दोन व्यंजनें आणि दोन काने तो निरनिराळे मोजतो. आपल्या मोजणीचीं दोन अक्षरें अजून त्याला सांगतां येत नाहींत, परंतु बारापासून चारापर्यंत तो जवळ आला आहे.

आतां या इतिहासांतील मला सर्वांत आवडणारा भाग. पूर्वीं एखादा कंस उघडून मिटावयाचा राहिला, तर पायथॉन पुष्कळदां पुढच्याच एखाद्या निर्दोष ओळीवर बोट ठेवी. नवखा त्या ओळीकडे तासन् तास पाहत बसे. जाणते त्याला सांगत, "त्या ओळींत कांहीं नाहीं, वरची पाहा." हें वाक्य कित्येक वर्षें माणसांनीं माणसांना सांगितलें. शेवटीं ४ ऑक्टोबर २०२१ रोजीं निघालेल्या ३.१० या आवृत्तींत तें खुद्द भाषेंतच उतरलें. कोणता कंस कोणत्या ओळीवर उघडा राहिला तें पायथॉन आतां स्वतः सांगतो. नांव लिहितांना एखादें अक्षर चुकलें तर, तुम्हांला अमुक नांव म्हणावयाचें होतें काय, असें विचारतो. पुढच्या वर्षीं ३.११ मध्यें ओळींतला नेमका चुकीचा भाग अधोरेखित होऊं लागला. पाब्लो गालिंदो साल्गादो आणि त्यांचे सहकारी यांनीं हें काम केलें. तांबडी रेघ ओढून थांबणारा मास्तर जणू कोणत्या पायरीवर चुकलें तें सांगूं लागला.

३० नोव्हेंबर २०२२ रोजीं चॅटजीपीटी हें बोलणारें यंत्र लोकांपुढें आलें, आणि माणसांनीं माणसांना उघडपणें विचारलेल्या प्रश्नांची संख्या पुष्कळ उतरली. यंत्र रागावत नाहीं, मध्यरात्रींहि उत्तर देतें. नवख्याला हा मोठाच दिलासा आहे, आणि मीहि त्याचा लाभ घेतों. परंतु स्टॅक ओव्हरफ्लोनें डिसेंबर २०२२ मध्येंच यंत्रानें लिहिलेलीं उत्तरें आपल्याकडे देण्यास मनाई केली. तीं बरोबर दिसत, पण वारंवार चुकीचीं निघत. मला दुसरीहि काळजी वाटते. यंत्राशीं झालेलें बोलणें त्या दोघांतच राहतें. पुढच्या अडलेल्याला तें वाचावयास मिळत नाहीं. नाणीं टाकण्याच्या त्या यंत्रांपाशींचा गलका पुन्हां एकदां बंद होऊं नये, एवढीच माझी इच्छा आहे. तो गलका आपल्याकडेहि झाला आहे; भारतांतील पायथॉन-प्रेमींचें वार्षिक संमेलन २००९ सालीं बंगलोरास सुरू झालें आणि २०११ सालीं पुण्यास भरलें होतें.

शेवटीं परवांचीच गोष्ट सांगतों. शेजारची आठवींतील मुलगी पायथॉन शिकते. तिनें साताचा पाढा छापण्याची आज्ञावली केली होती, आणि पाढा त्रेसष्टावर थांबत होता. "आजोबा, हें चालत नाहीं," ती म्हणाली. कारण मला माहीत होतें. एकपासून दहापर्यंत असें लिहिलें तर पायथॉन दहाच्या आधीं, नवावर थांबतो. आणि त्या चुकींत मीहि पडलेला आहें. उत्तर अगदीं ओठांवर आलें होतें. परंतु मीं तिच्यापुढें कागद ठेवला आणि म्हटलें, "बाळ, तूं काय लिहिलेंस, काय यावयास हवें होतें, आणि काय आलें, हें मला लिहून दे." तिनें पहिली ओळ लिहिली. दुसरी लिहितांना ती थांबली, बोटांवर कांहीं मोजलें, आणि कळफलकाकडे धांवली. कागद तसाच अर्धवट राहिला. जातांना तो ती फाडूं लागली, तेव्हां मीं तो तिच्याकडून मागून घेतला आणि तिच्या वहींत ठेवावयास सांगितला.